‘वरपक्षाची बस’, पहिली आवृत्ती

१४ नोव्हेंबर
सगुणने आज एक नाव दिलं. म्हापशाच्या बाजारामागे त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे आणि कित्येक वर्षं तो माझ्यासाठी ना. वि. हरमलकरांच्या कादंबऱ्या शोधतो आहे. माझी अट त्याला पाठ आहे. पहिली आवृत्ती हवी, आणि आत खुद्द हरमलकरांची सही हवी. दुसरी आवृत्ती कोरी करकरीत असली तरी नको.

हरमलकरांचा नाद मला सुर्ल्याच्या खाणीवर लागला. मी वजनकाट्यावर होतो. एक टिपर वजन करून गेला की दुसरा येईपर्यंत केबिनमध्ये वाचत बसायचो. ड्रायव्हर खिडकीतून विचारायचे, ‘‘बाब, वजनात इतकं हसण्यासारखं काय आसा?’’ मग खाण बंद पडली. नंतर माझी बायको संजना गेली. मुलगी गौरवी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. हरमलकरही गेले. कपाट मात्र भरत राहिलं. आता त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या माझ्याकडे आहेत, एक सोडून.

ती म्हणजे ‘वरपक्षाची बस’. पहिलीच कादंबरी, त्यांनी पदरमोड करून सावंतवाडीला छापून घेतलेली. वरपक्षाची बस रस्ता चुकते, भलत्याच लग्नाला पोचते, आणि सगळे पोटभर जेवून, आहेर करून, परत येतात. मी ती वाचली आहे, पण वाचनालयाची, पुढल्या आवृत्तीची. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फारशा निघाल्याच नव्हत्या.

सगुण म्हणाला, कोरगावला मालती म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या शाळेत हरमलकर एकदा पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांनी बाईंना सही करून प्रत दिली होती. उद्याच जातो.

१५ नोव्हेंबर
कोरगाव. घर सापडायला त्रास पडला नाही, ‘मालतीबाई’ म्हटल्यावर लहान पोरंसुद्धा बोट दाखवतात. सोप्यावर एक बाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या जानकी, बाईंच्या भावजय, घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहतात. ‘‘बसा बाब. बाई परसात आसत. च्या करतंय,’’ म्हणून त्या आत गेल्या.

मालतीबाई हाताची माती धूत बाहेर आल्या. साठीच्या असतील. लग्न केलेलं नाही. उंच, बोलणं सरळ. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘पुस्तक होतं. सही पण होती. मी वाचायला दिलं.’’

‘‘कुणाला?’’

‘‘तुयेच्या सुमनला. आमच्या हेडमास्तरांची बायको. तिचा पाय मोडला होता.’’

‘‘केव्हा?’’

‘‘पाय केव्हाच बरा झाला तिचा.’’

मला राग यायला हवा होता. सहीची पहिली आवृत्ती, आणि या बाईंनी ती भाजीसारखी शेजारी देऊन टाकली. विचारलं, परत मागितली कशी नाही. त्या म्हणाल्या, ‘‘मला ती एवढी हसण्यासारखी वाटली नव्हती. त्या दुसऱ्या लग्नातल्या मुलीच्या बापाचं काय झालं असेल, हेच डोक्यात राहिलं.’’

हरमलकर वाचून मुलीच्या बापाची काळजी करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

शेवटी ठरलं की तुयेला जाऊन विचारायचं. मी एकटा जातो म्हटलं, तर म्हणाल्या, ‘‘सुमन अनोळखी माणसाला दार उघडत नाही. मी येते.’’ माझी स्कूटर बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘ब्रेक चालतात ना?’’

२१ नोव्हेंबर
तुये. सुमनताईंनी दार उघडलं आणि मालतीबाईंना बघून आधी रडल्या, मग हसल्या. हेडमास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. पुस्तकाचं नाव काढताच म्हणाल्या, ‘‘अगं मालती, तेव्हा हसून हसून पायाचं प्लॅस्टर हलायचं ते त्या पुस्तकानं. डॉक्टर ओरडले.’’ पण पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं. भाच्याने नेलं होतं, गणेशने. तो बसवर कंडक्टर होता, आता मांद्र्याला असतो.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. मी कपाट बघितलं, खात्री म्हणून. धार्मिक ग्रंथ आणि औषधांची पाकिटं होती.

परत येताना मालतीबाई म्हणाल्या की मांद्र्याला जायचं तर पुढच्या आठवड्यात, या आठवड्यात मिरच्यांची रोपं लावायची आहेत. पुस्तक इतकी वर्षं थांबलं आहे, अजून आठवडा थांबेल.

२४ नोव्हेंबर
दुसरं हेल्मेट घेतलं. गौरवीने ते मेजावर बघितलं. ‘‘बाबा, हे कुणाला? बायकांचं दिसतंय.’’

‘‘मागे बसणाऱ्याला लागतं. कायदा आहे.’’

‘‘कायदा आहेच,’’ ती म्हणाली, आणि हेल्मेट उलटंसुलटं करून बराच वेळ बघत राहिली.

२८ नोव्हेंबर
मांद्रे. गणेशचं घर रस्त्याला लागून आहे, पुढे नारळाची छोटी बाग. माणूस गप्पिष्ट. आम्ही कशासाठी आलो ते कळताच त्याने बायकोला बाहेर बोलावलं आणि बसच्या ड्रायव्हरचं भाषण तोंडपाठ म्हणून दाखवलं. वरमाई चिडलेली, वऱ्हाड भुकेलं, आणि ड्रायव्हर सांगतो आहे की मंडप दिसतो आहे ना, मग तो आपलाच. गणेश हातवारे करत म्हणत होता. मी प्रत्येक वाक्याच्या आधीच हसत होतो. बाई गंभीर बसल्या होत्या. मग गणेश नवऱ्यामुलाच्या मामाचं सोंग करायला उठला आणि त्याचा पाय खुर्चीत अडकला. तेव्हा त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हे हरमलकरांमुळे धरायचं की खुर्चीमुळे, मला ठरवता येत नाही.

‘‘तुमका सांगतंय बाब,’’ गणेश म्हणाला, ‘‘डेपोत आमी ह्या मोठ्यान वाचू. धडो संपल्याबगर ड्रायव्हर गाडी काढी नाय.’’

पुस्तक? ते त्याने बहिणीला दिलं. लक्ष्मी. लग्न होऊन वाळपईला गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत घातलं. बहीण लांब जाते आहे, तिकडे ओळखीचं कोणी नाही, तर हसायला काहीतरी असावं म्हणून.

येताना पुलाजवळ थांबून शहाळं प्यायलो. मालतीबाई म्हणाल्या, ‘‘आपण पुस्तक शोधतो आहोत की पाहुणचार झोडत फिरतो आहोत?’’ मी म्हटलं, पुस्तकच. त्या म्हणाल्या, ‘‘विचारून ठेवलं.’’

१० डिसेंबर
मालतीबाईंना ताप आहे, जानकीताईंनी फोन करून सांगितलं. वाळपईचं पुढे ढकलावं लागलं. मुद्दाम जाण्याचं कारण नव्हतं, पण पुस्तकाच्या बाबतीत पुढचा बेत समक्ष ठरवलेला बरा म्हणून गेलो. जाताना डिचोलीहून पोदेराच्या बेकरीतले ताजे उंडे पाव नेले आणि गौरवीकडून कुळथाची पिठी. बाई घोंगडी घेऊन उघड्या जनेलाजवळ उन्हात बसल्या होत्या. बेताबद्दल बोलणं झालं नाही, त्यांचा घसा बसला होता. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. निधनवार्तासुद्धा त्यांनी वाचायला लावल्या.

१२ डिसेंबर
ताप कमी आहे. पुन्हा जाऊन आलो.

२० डिसेंबर
सगुणचा फोन. बेळगावच्या एका वकिलांचा ग्रंथसंग्रह निघाला आहे आणि त्यात ‘वरपक्षाची बस’ आहे. पहिली आवृत्ती. सही आहे. वेष्टन शाबूत, कसर नाही, पानं पांढरी. ‘‘तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय. कधी येताय?’’

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

सगुण म्हणाला, ‘‘गुरुदासबाब, बरे आसात मू?’’

मी नीट विचार केला आहे. एक म्हणजे वकिलाच्या पुस्तकावर रबरी शिक्का असणार, आणि शिक्का मला आवडत नाही. दुसरं, कोरगावच्या प्रतीचा सगळा प्रवास आपल्याला माहीत आहे, कुणाकडून कुणाकडे गेली ते. बेळगावच्या प्रतीचं तसं नाही. तिसरं, वाळपईला जायचं ठरलेलं आहे आणि डब्यात काय न्यायचं तेही मालतीबाईंनी ठरवलं आहे. आता नको म्हणणं बरं दिसणार नाही.

गौरवीला ही तिन्ही कारणं सांगितली. तिने फक्त मान हलवली आणि नवऱ्याला फोन लावायला बाहेर गेली. कसल्या तरी गोष्टीवर दोघं खूप हसत होती.

९ जानेवारी
आज जे झालं ते नीट लिहितो.

मालतीबाई म्हापशावरून बसने डिचोलीला आल्या. तिथून स्कूटरवर साखळी, आणि पुढे वाळपई. हवा थंड होती. डब्यात खतखतं आणि पुऱ्या होत्या, वाटेत एका देवळाच्या पायऱ्यांवर बसून खाल्लं. मी खुशीत होतो. पुस्तक गुंडाळून पिशवीत ठेवायला सुती कापड बरोबर घेतलं होतं.

लक्ष्मीचं घर बाजाराच्या मागे, कौलारू, स्वच्छ. लक्ष्मी पन्नाशीची, बारीक. बाईंच्या पाया पडली, ती शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आत खाटेवर तिचा नवरा होता, अनंत. ट्रक चालवायचा, खाणीवरसुद्धा होता. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बहुतेक गेलं. समजतं सगळं. मी सुर्ल्याच्या काट्यावर होतो म्हटल्यावर त्याने डावा हात उचलून स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं.

पुस्तक खाटेच्या उशाशीच होतं. वेष्टन नाही. पाठीचा पुठ्ठा सुटलेला. पानांवर तेलाचे, चहाचे डाग. पहिलं पान फाटलेलं आणि चिकटपट्टीने जोडलेलं. मी ते उघडलं. ‘मालतीबाईंस, ज्या भाषणभर एकदाही हसल्या नाहीत, सप्रेम. ना. वि. हरमलकर.’ निळी शाई, जरा फिकी झालेली. चिकटपट्टी सहीच्या ‘ह’वरून गेली होती आणि तिथे कागद पिवळा पडला होता.

पिशवीतलं सुती कापड मी बाहेर काढलं.

लक्ष्मी म्हणाली, ‘‘तुमचा पुस्तक, बाई. माका लाज दिसता. कसा होता आणि कसा केलंय.’’ मग सांगू लागली. झटका आल्यापासून रोज संध्याकाळी ती त्याला थोडं वाचून दाखवते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलत राहा त्यांच्याशी. पण रोज काय बोलणार? मग हे काढलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘‘आता ह्येंका पुढला वाक्य आधीच ठावक असता. मी मुद्दाम चुकीचा वाचलंय तर हात आपटतत.’’

तिने दाखवलंही. वरमाई बसमधून उतरते तो भाग वाचला आणि वरमाईच्या ऐवजी ड्रायव्हर म्हणाली. अनंतने डावा हात खाटेवर आपटला, आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज पूर्ण होता.

मग लक्ष्मीने पुस्तक पदराने पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं. अनंत कौलांकडे बघत होता.

मालतीबाईंनी पुस्तक घेतलं. वर्तमानपत्र सोडलं. विचारलं, ‘‘आता कुठवर आलात?’’

‘‘आहेरापर्यंत.’’

‘‘मग पुढचं वाच. संपल्यावर बघू.’’

‘‘संपतला तर परत सुरू करतो ना बाई आमी.’’

‘‘तेच म्हणते,’’ बाई म्हणाल्या आणि पुस्तक उशाशी ठेवलं.

मी त्यांना बाहेर अंगणात बोलावलं. म्हटलं, पूर्ण पुस्तकाची चांगली झेरॉक्स काढून मी स्वतः आणून देतो, बांधून देतो, मोठ्या अक्षरात देतो, त्यांना वाचायला उलट सोपं. वाचायचंच आहे ना. बाईंनी माझ्याकडे वर्गातल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

‘‘मग झेरॉक्स तुम्ही ठेवा.’’

‘‘मालतीबाई, माझ्याकडे एवढं एकच नाही.’’

‘‘त्यांच्याकडे तेवढं एकच आहे.’’

मी स्कूटर काढली. साखळीला त्यांनी चहा घेतला, मी नको म्हटलं. डिचोलीच्या स्टँडवर त्या बसमध्ये चढल्या आणि हेल्मेट मला परत दिलं. मी ‘बरं’ म्हटलं. एवढंच.

११ जानेवारी
सगुणला फोन केला. बेळगावची प्रत गेली. कोल्हापूरच्या कुणीतरी नेली. सगुण म्हणाला, वाट बघितली, तुम्ही काहीच बोलला नाहीत.

१९ जानेवारी
हरमलकर वाचायला घेतले. चार पानांवर मिटून ठेवले. पित्त झालं असावं. गौरवी म्हणते, कोरगावला फोन करा. कशाला करू? पुस्तकाचा विषय संपला. आता त्यांच्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

२ फेब्रुवारी
संध्याकाळी बसलो असताना कारण नसताना अनंतचं हसणं आठवलं. काट्यावर कधीतरी त्याचाही टिपर येत असेल. खिडकीतून विचारणाऱ्यांत तोही असेल, कोण जाणे. चेहरा आठवत नाही.

दुसरी गोष्ट अशी की ती चिकटपट्टी आणखी दोन-तीन पावसाळ्यांत सही खाऊन टाकेल. पुस्तक कुणाचंही असो, हे बघवत नाही.

६ फेब्रुवारी
वाळपईला जाऊन आलो. एकटाच. खळ, पातळ कागद, दोरा, जाड सुई, बांधणीचं कापड आणि पुठ्ठा घेऊन गेलो. खळीत मोरचूद घातलं होतं, कसर लागू नये म्हणून. पुस्तकं बांधायला मी संजनाच्या आजारपणात शिकलो, इस्पितळात बसून हाताला काम हवं होतं.

लक्ष्मीला वाटलं मी पुस्तक न्यायला आलो. तिचा चेहरा पडला, पण तिने लगेच ते आणून हातात दिलं. नुसतं शिवायला आलो आहे म्हटल्यावर ती खालीच बसली.

चिकटपट्टी वाफेवर धरून सावकाश सोडवली. ‘ह’ वाचला, थोडा डाग राहिला. पानांचे सुटलेले फर्मे पुन्हा शिवले, पाठीला कापड लावलं, पुठ्ठा चढवला. अनंत कुशीवर वळून सगळं बघत होता. खळ वाळेपर्यंत पुस्तक दाबून ठेवावं लागतं, तर लक्ष्मीने त्यावर पाटा ठेवला. मग चहा, मग जेवण. निघताना अनंतने पुस्तकाकडे आणि माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, बांधणी ओली आहे, उद्या वाचा. त्याने हात आपटला. शेवटी मी पुस्तक न उघडता, आठवणीतून, ड्रायव्हरचं भाषण म्हटलं. एका ठिकाणी चुकलो. त्याने पुन्हा हात आपटला.

बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखा जेवलो, हे परत येताना लक्षात आलं. वाळपईचं पाणी चांगलं आहे.

१३ फेब्रुवारी
सकाळी दार वाजलं. मालतीबाई. एकट्या, बसने आलेल्या, हातात मिरच्यांची पिशवी. मी बनियनवर होतो, आत जाऊन सदरा घालून आलो.

‘‘लक्ष्मीचा फोन आला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डिचोलीचे बाब येऊन पुस्तक शिवून गेले म्हणाली.’’

‘‘चिकटपट्टीने सही खराब होत होती.’’

‘‘हो का.’’

‘‘कागदाला वाईट असते ती.’’

‘‘असेल,’’ त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. ‘‘त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता ठरवलं. पुस्तक माझं होतं, पण शोधलं दोघांनी. विचारायला हवं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं.’’

‘‘म्हणूनच विचारलं नाही.’’

यावर आम्ही दोघेही हसलो. त्यांच्या मिरच्यांना बहर चांगला आला आहे असं कळलं. जानकीताईंनी सुपारी पाठवली होती. मग त्या म्हणाल्या, ‘‘आता तुमचं ते कपाट दाखवा. इतकं ऐकलं त्याबद्दल.’’

मी दाखवलं. त्यांनी आधी मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले, मग एकेक पुस्तक काढून पहिलं पान बघितलं. कुठे मिळालं, कसं मिळालं, मी सांगत गेलो. संजनाने शोधून दिलेलं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘त्यांना आवडायचे हरमलकर?’’ मी म्हटलं, तिला मी हसलेला आवडायचो. हे मी याआधी कुणाला सांगितलं होतं असं आठवत नाही.

‘तीन जावई, एक फणस’ घेऊन त्या जनेलाजवळ बसल्या. मी चहा करायला गेलो. फणस कापण्यावरून जावयांचं भांडण सुरू होतं तिथे त्या पोचल्या असाव्यात, कारण स्वयंपाकघरात हसणं ऐकू आलं. या वेळी खुर्ची वगैरे काही नव्हतं. चहा उतू गेला.

गौरवी दुपारी डबा घेऊन आली ती डबा मेजावर ठेवून बाईंजवळच बसली. दोघींचं इतकं जमलं की मला मध्ये बोलायला वावच नव्हता.

निघताना मालतीबाईंनी पुस्तक मिटलं, पण कपाटात ठेवलं नाही. ‘‘हे मी नेते. निम्म्यावर आलंय.’’

माझं एकही पुस्तक आजवर या घराबाहेर गेलेलं नाही. गौरवीलासुद्धा इथे बसून वाचावं लागतं. पहिली आवृत्ती, सहीची, वेष्टनासकट. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली, वर दोरी बांधली. गौरवी माझ्याकडे बघत होती.

विचारलं, ‘‘परत कधी मिळेल?’’

‘‘पुस्तक परत आणून द्यायची पद्धत आमच्या बाजूला नाही, तुम्ही बघितलंतच,’’ मालतीबाई म्हणाल्या. ‘‘मागायला यावं लागतं.’’

त्यांना स्टँडवर सोडून आलो. गौरवी अजून घरीच होती, कपाटासमोर उभी. शेजारची पुस्तकं थोडी सरकवून ती फट बुजवता आली असती, तिने हात पुढे केलाही. मी म्हटलं, राहू दे.

‘‘मग कोरगावला कधी जाताय मागायला?’’ तिने विचारलं.

गुरुवारी जाईन म्हणतो. पुस्तक मागायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघू.